विश्लेषण : होडीच्या इंजिनासाठी झिजणारा जस्ताचा तुकडा आला कुठून? हम्फ्री डेव्ही यांच्या गाजलेल्या अपयशाची गोष्ट

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागू झाली की कोकण किनाऱ्यावर यांत्रिक होड्या वर ओढल्या जातात. जाळी दुरुस्तीला निघतात, इंजिने उघडली जातात. अशा वेळी इंजिनाच्या पायाजवळ, पंख्याच्या आसपास बोल्टने बसवलेला एक करडा, खड्डे पडलेला धातूचा तुकडा दिसतो. हा भाग खराब झाला, असे वाटून कुणी हळहळते. कुणी तो चांगला दिसावा म्हणून त्यावर रंगाचा हात मारते. हळहळण्याचे कारण नाही आणि रंग तर अजिबात मारायचा नाही. कारण तो तुकडा झिजण्यासाठीच बसवलेला असतो. तो झिजतो म्हणून त्याच्यापेक्षा कितीतरी महाग असलेले इंजिन टिकते.

या तुकड्याला अॅनोड म्हणतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात हा विषय दोन गुणांच्या प्रश्नात संपतो. पण ही कल्पना प्रथम मांडणाऱ्या माणसाला ती बरीच महाग पडली होती. सर हम्फ्री डेव्ही हे त्यांचे नाव. दोनशे वर्षांपूर्वी त्यांचे नेमके काय चुकले, हे समजले की आजच्या होडीवरचे बरेच पैसेही वाचू शकतात.

जस्ताचा तुकडा नेमके काय करतो?

दोन वेगवेगळे धातू एकमेकांना जोडले आणि खाऱ्या पाण्यात बुडवले की त्यांची बॅटरी तयार होते. दोघांपैकी जो धातू अधिक क्रियाशील, तो विरघळू लागतो आणि दुसरा सुरक्षित राहतो. आउटबोर्ड इंजिनात अॅल्युमिनियमचा सांगाडा, स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट, पितळी किंवा काशाचे भाग असे सगळे एकत्र असतात. समुद्रात उतरताच त्यांची बॅटरी सुरू होते आणि त्यात मार खाते ते अॅल्युमिनियम.

इथे जस्ताचा तुकडा जोडला तर चित्र बदलते. जस्त सर्वांत क्रियाशील ठरते आणि इतरांच्या वाट्याची झीज स्वतःवर घेते. जस्त संपले की पुन्हा अॅल्युमिनियमची पाळी. म्हणजे खर्च निवडायचा तो दोनांतून एक : स्वस्त तुकडा वेळेवर बदलण्याचा, किंवा इंजिनाचा खालचा भाग बदलण्याचा.

हम्फ्री डेव्ही कोण होते?

डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधील पेन्झान्स या बंदरगावात झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करत. १७९४ मध्ये ते वारले तेव्हा घरावर कर्ज होते. पाच भावंडांत हम्फ्री थोरले. पुढच्याच वर्षी त्यांना गावातल्या एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. औषधे कुटायची आणि उरलेल्या वेळात मिळेल त्या भांड्यांत प्रयोग करायचे, हे त्यांचे शिक्षण. विद्यापीठाची पायरी ते कधी चढले नाहीत.

याच काळात त्यांना जवळच्या हेल बंदरातले पाण्याचे दरवाजे दाखवण्यात आले. जिथे तांबे आणि लोखंड एकमेकांना चिकटलेले होते, तिथे समुद्राच्या पाण्यात लोखंड भराभर खाल्ले जात होते. असे का होते, याचे उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हते. पण ते दृश्य त्या मुलाच्या डोक्यात राहिले आणि पुढे पाव शतकाने उपयोगी पडले.

एवढी कीर्ती कशी मिळाली?

पेन्झान्सजवळ राहणारे डेव्हिस गिल्बर्ट यांनी या मुलाची हुशारी हेरली. त्यांच्या ओळखीतून १७९८ मध्ये, विशीही पूर्ण झालेली नसताना, डेव्ही ब्रिस्टलच्या एका वायु-चिकित्सा संस्थेत दाखल झाले. तिथे त्यांनी नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच हसवणारा वायू, स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले. शस्त्रक्रियेत वेदना कमी करायला हा वायू वापरता येईल, असे त्यांनी १८०० मधील पुस्तकात सुचवले होते. डॉक्टरांनी ते मनावर घेतले तेव्हा चार दशके उलटून गेली होती.

१८०१ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले आणि त्यांची व्याख्याने ऐकायला गर्दी लोटू लागली. व्होल्टा यांची बॅटरी तेव्हा नुकतीच आली होती. डेव्ही यांनी तिचा वापर पदार्थ फोडण्यासाठी केला. १८०७ मध्ये पोटॅशियम आणि सोडियम, तर १८०८ मध्ये कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियम त्यांनी वेगळे केले. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध सुरू असतानाही फ्रेंच विज्ञानसंस्थेने त्यांना पारितोषिक दिले.

१८१२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी एका स्फोटक रसायनाने त्यांच्या डोळ्याला इजा झाली आणि मदतीला एक तरुण लागला. तो होता बुकबाइंडरकडे शिकलेला मायकेल फॅरेडे. १८१५ मध्ये डेव्ही यांनी कोळसा खाणीतल्या कामगारांसाठी बारीक जाळीचा सुरक्षा दिवा तयार केला. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही. १८२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. ब्रिटिश विज्ञानात याहून मोठी खुर्ची नव्हती.

नौदलाची अडचण काय होती?

त्या काळी जहाजे लाकडी होती. उष्ण समुद्रांत पाण्यातले किडे लाकूड पोखरत आणि तळाला शेवाळ, शिंपले चिकटून जहाजाचा वेग मंदावत असे. यावर उपाय म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये अलार्म या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. जहाज वेस्ट इंडीजहून परतले तेव्हा तळ स्वच्छ होता, पण लोखंडी खिळे गंजून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्र्यांना गुंडाळलेला कागद जिथे राहून गेला होता, तिथे लोखंड आणि तांबे एकमेकांना टेकलेच नव्हते. हेल बंदरातलाच हा प्रकार.

नौदलाने लोखंडी खिळे काढून तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे वापरायला सुरुवात केली आणि १७८० च्या दशकात जवळपास सगळा ताफा तांब्याने मढवला. भारतात सागवानाची जहाजे बांधली जात, त्यांच्या तळालाही तांबे असे. वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांनी मुंबईच्या गोदीत बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेले ट्रिंकोमाली हे लढाऊ जहाज त्याच काळातले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जपून ठेवलेले आहे.

पण तांबेही समुद्रात हळूहळू विरघळत होते. पत्रे वारंवार बदलावे लागत आणि शेकडो जहाजांचा हिशेब केला तर खर्च अफाट होता. तांबे भेसळीचे असते म्हणून झिजते, असा संशय होता. १८२३ मध्ये नौदलाने रॉयल सोसायटीकडे सल्ला मागितला आणि अध्यक्षांनी हे काम स्वतःच हाती घेतले.

डेव्ही यांनी कोणता उपाय शोधला?

शुद्ध तांबेही झिजते, हे त्यांनी आधी दाखवून दिले. दोष समुद्राच्या पाण्याचा आणि त्यात विरघळलेल्या हवेचा होता. मग त्यांनी प्रश्न उलटा केला. तांब्याची विद्युत स्थिती किंचित बदलली तर पाणी त्याला हात लावणार नाही. ती बदलायची कशी? तांब्याला अधिक क्रियाशील धातूचा तुकडा जोडून. हेलमध्ये आणि अलार्म जहाजावर जो अपघात झाला होता, तोच त्यांनी मुद्दाम घडवून आणायचे ठरवले. फक्त या वेळी झिजणारा धातू स्वस्त असेल आणि तो कधीही बदलता येईल.

जानेवारी १८२४ मध्ये त्यांनी याविषयीचा पहिला शोधनिबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा किंवा लहान लोखंडी खिळ्याचे टोक ४० ते ५० चौरस इंच तांबे वाचवायला पुरते, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. पोर्टस्मथ बंदरात पत्रे बुडवून चाचण्या झाल्या. संरक्षक धातूचे क्षेत्रफळ तांब्याच्या साधारण शंभराव्या भागाइतके असले, तरी तांब्याची झीज थांबत होती. जस्त, घडीव लोखंड आणि बीड असे तीन पर्याय होते. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून डेव्ही यांनी बीड निवडले.

चाचण्यांची बरीच मेहनत फॅरेडे यांनीही केली. याच महिन्यात फॅरेडे रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडून आले आणि त्या निवडीला अध्यक्ष डेव्ही यांचाच विरोध होता. विज्ञानातली मोठी माणसेही हेव्यादाव्यांतून सुटत नाहीत, याचे हे उदाहरण.

खऱ्या जहाजावरची परीक्षा समरंग या २८ तोफांच्या जहाजाने दिली. हे जहाज कोचीनमध्ये सागवानात बांधलेले होते. पुढे-मागे बीडाचे ठोकळे बसवून ते कॅनडातील नोव्हा स्कोशियाला पाठवले गेले. जानेवारी १८२५ मध्ये ते परतले तेव्हा तांबे उत्तम स्थितीत होते. डेव्ही यांचे गणित बरोबर निघाले होते.

मग बिनसले कुठे?

दुसऱ्या जहाजांवरून मात्र वेगळ्या बातम्या येऊ लागल्या. तांबे सुरक्षित होते, पण तळावर शेवाळ आणि शिंपल्यांचे थर चढत होते. जहाजे मंद चालत होती, वळायला जड जात होती.

कारण साधे होते. तांबे विरघळते तेव्हा त्याचे विष पाण्यात उतरते आणि म्हणूनच तळाला काही चिकटत नाही. म्हणजे तांब्याची झीज हा नुसता तोटा नव्हता, तेच तांब्याचे काम होते. डेव्ही यांनी झीज थांबवली आणि तिच्यासोबत ते कामही थांबले. शिवाय सुरक्षित तांब्यावर समुद्राच्या पाण्यातले चुन्यासारखे पांढरे थर बसत आणि जीवांना चिकटायला आयती जागा मिळे.

१८२५ च्या उन्हाळ्यात नौदलाने सेवेतल्या जहाजांवरचे संरक्षक काढून टाकण्याचा आदेश दिला. ही योजना इतकी गाजावाजा करून राबवली गेली होती की अपयशही तितकेच जाहीर झाले. वृत्तपत्रांतून थट्टा झाली. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षाने घाईने केलेला प्रयोग सरकारच्या माथी मारला, असा सूर निघाला. प्रयोगशाळेतले आणि बंदरातले पत्रे त्यांनी तपासले होते; लांबच्या सफरीवर निघालेल्या अख्ख्या जहाजाचा विचार पुरता केला नव्हता, हे खरेच होते.

अखेरची वर्षे कशी गेली?

१८२६ च्या सप्टेंबरमध्ये आई गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस डेव्ही यांना पक्षाघाताचा झटका आला. १८२७ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. त्यांच्या जागी आले तेच डेव्हिस गिल्बर्ट, ज्यांनी कधीकाळी पेन्झान्समधला हा मुलगा हेरला होता. डेव्ही युरोपात प्रकृती सावरायला गेले. मासे गळाला लावण्याचा त्यांना जन्माचा नाद होता. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. रोमहून परतताना २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. वय होते ५०. तिथल्याच दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. बीडाचे ठोकळे तोवर इतिहासजमा झाले होते.

कल्पना परत कशी आली?

जहाजे बदलली म्हणून. लाकडाच्या जागी लोखंड आणि मग पोलाद आले. आता वाचवायचा धातू शेवाळ रोखणारा नव्हताच, त्यामुळे त्याची झीज थांबवण्यात काही नुकसान नव्हते. शेवाळ रोखण्याचे काम विषारी रंगावर सोपवले गेले आणि गंज रोखण्याचे जस्तावर. डेव्ही यांच्या वेळी एकाच तांब्याकडून दोन्ही अपेक्षा होत्या; आता कामांची वाटणी झाली. १८४० च्या सुमारास आयरिश अभियंते रॉबर्ट मॅलेट यांनी जस्ताच्या मिश्रधातूंवर काम केले. पुढे काशाच्या पंख्याजवळ पोलादाच्या तळावर जस्ताचे ठोकळे लावण्याची पद्धत रूढ झाली. १९२८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट कुन यांनी याच तत्त्वावर, पण बाहेरून वीज देऊन, न्यू ऑर्लिन्समधल्या गॅसवाहिन्यांचे संरक्षण केले. आज जहाजांपासून जमिनीखालच्या पाइपलाइनपर्यंत हेच तत्त्व वापरले जाते.

जस्त जुने पुरे झाले तरी काम का करत नाही?

विसाव्या शतकात आणखी एक गोष्ट कळली. जस्तात लोखंडाचा अंश थोडाही जास्त असला तर त्याच्यावर घट्ट थर बसतो आणि ते झिजणे थांबवते. म्हणून अमेरिकी लष्करी मानकात अॅनोडच्या जस्तातले लोखंड ०.००५ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट आहे. भंगारातले जस्त वितळवून ओतलेला तुकडा दिसायला सारखाच असतो, पण अनेकदा काही करत नाही. दोन मोसम तसाच नवा कोरा राहिलेला अॅनोड ही चांगली बातमी नव्हे. तिथे झीज इंजिनाची होत असते.

कमी खर्चात काळजी कशी घ्यावी?

• अॅनोड निम्मा उरला की बदला. पूर्ण संपण्याची वाट पाहिली तर मधल्या काळात अॅल्युमिनियम झिजते.

• रंग, ग्रीस, एपॉक्सी काहीही अॅनोडवर लावू नका. पाण्याला धातू थेट लागला पाहिजे.

• बसवण्याची जागा खरखरीत कागदाने घासून चकचकीत करा. मल्टिमीटरचे एक टोक अॅनोडला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. रोध एक ओहमपेक्षा कमी यायला हवा. जोडणी नसेल तर महागातला महाग अॅनोडही नुसते वजन आहे.

• इंजिन वर उचलून ठेवताना पाय अर्धवट पाण्यात आणि अॅनोड बाहेर, अशी स्थिती टाळा. एकतर दोन्ही पाण्यात, नाहीतर दोन्ही बाहेर.

• इनबोर्ड इंजिनाच्या थंड पाण्याच्या मार्गात पेन्सिलच्या आकाराचे जस्त असते. तिथे बहुधा फक्त जस्ताची कांडी बदलून जुने पितळी बूच पुन्हा वापरता येते. इंजिन थंड असताना, समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करूनच बूच उघडा. कांडीचा मोडलेला तुकडा आत राहिला तर नळ्या तुंबतात, तो शोधून काढा.

• समुद्रात जस्त ठीक. गोड्या पाण्यात त्यावर थर बसतो, तिथे मॅग्नेशियम लागते. खाडीत, जिथे पावसात पाणी निमखारे होते, तिथे अॅनोडसाठीच बनवलेला अॅल्युमिनियमचा मिश्रधातू उपयोगी. तो हलका असतो आणि किलोमागे जस्ताच्या सुमारे तिप्पट काम देतो. घरातले साधे अॅल्युमिनियम मात्र चालत नाही. एकमेकांना जोडलेल्या भागांवर जस्त आणि अॅल्युमिनियम असे मिश्र अॅनोड लावू नका.

• अॅनोड अचानक भराभर संपू लागला तर जादा तुकडे लावू नका. बॅटरीच्या वायरिंगमधून वीज पाण्यात गळत नाही ना, ते आधी पाहा.

• लाकडी होडीवर गरजेपेक्षा जास्त अॅनोड नकोत. जादा संरक्षणाने धातूच्या खिळ्यांभोवती अल्कली तयार होऊन लाकूडच मऊ पडते.

• वापरानंतर इंजिन गोड्या पाण्याने धुवा.

किती जस्त लागते याचा अंदाज घरीही काढता येतो. एक किलो जस्त साधारण ७८० अँपिअर-तास वीज देते. ५० मिलिअँपिअरचा प्रवाह वर्षभर अखंड वाहिला तर ४३८ अँपिअर-तास होतात, म्हणजे जवळपास ५६० ग्रॅम जस्त.

यातून काय लक्षात घ्यावे?

डेव्ही यांचे रसायनशास्त्र चुकले नव्हते. एका भागाला वाचवताना तो भाग आणखी कोणते काम करत होता, हे पाहायचे राहून गेले. लाकडी होडीवरचे जादा अॅनोड ही त्याच चुकीची आजची आवृत्ती आहे.

डेव्ही यांची पुण्यतिथी २९ मे रोजी येते आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत आपल्याकडे होड्या किनाऱ्यावर येतात. नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात उतरण्यापूर्वी पंख्याजवळच्या त्या करड्या तुकड्याकडे एकदा नीट बघा. निम्मा झिजला असेल तर त्याने काम चोख केले, आता तो बदला. अजिबात झिजला नसेल, तर मल्टिमीटर हातात घ्यायची वेळ आली आहे.